कोर्टाची पायरी चढलेले पूर्वज

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे वचन ज्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या निष्ठेने पाळले ती कुटुंबे कदाचित सुखी झाली असतील. परंतु सतराव्या आणि अठराव्या शतकांतील व्हर्जिनियाचा विचार करता, वंशशोधकांच्या दृष्टीने ती साफ वाया गेली असेच म्हणावे लागते. इंग्रजांनी १६०७ साली जेम्सटाउन येथे मुहूर्तमेढ रोवलेल्या या अमेरिकन वसाहतीच्या मुलखात जन्ममृत्यूंची सरकारी नोंद ठेवण्याचा कायदा थेट १८५३ साली अमलात आला. त्याआधी बारसे, लग्न आणि मर्तिक टिपून ठेवण्याचे काम चर्चकडे होते, आणि ज्या वह्यांत ते टिपले गेले त्यांपैकी बऱ्याचशा ओल, आग व पाद्रीबुवांची बेफिकिरी यांनी आपसांत वाटून घेतल्या. उरले ते कोर्टाचे दप्तर. परिणामी, ज्या गृहस्थाने कोणाचे देणे बुडवले नाही, शेजाऱ्याच्या डुकरावर डोळा ठेवला नाही, घरातले भांडण चव्हाट्यावर आणले नाही आणि जे काही गाठीशी होते ते हयातीतच मुलांना देऊन जो मुकाट्याने देवाघरी गेला, तो जन्माला आला होता याचाही पुरावा आज मिळत नाही. उलट ज्याने आयुष्यभर गावाला सळो की पळो करून सोडले, त्याचा वृत्तान्त मात्र तारीखवार आणि साक्षीदारांच्या सह्यांनिशी हजर असतो.

हे दप्तर ज्या काउंटी कोर्टाचे, ते बहुधा महिन्यातून एकदा भरत असे. काउंटी हा वसाहतीचा मुलुखी विभाग; १६३४ साली व्हर्जिनियाचे असे आठ विभाग पाडण्यात आले आणि पुढे वस्ती वाढेल तसे त्यांचे तुकडे पडत गेले. न्यायासनावर बसणारी मंडळी कायदा शिकलेली नसत आणि त्यांना पगारही नसे. ते त्या त्या भागातले तंबाखूचे बडे मळेवाले असत, आणि एखादी जागा रिकामी झाली की ती कोणाला द्यावी याची शिफारस उरलेले न्यायाधीशच करीत. ही पद्धत दोन पिढ्या चालल्यावर न्यायाधीश, वादी, प्रतिवादी आणि जामीन यांच्यात मेहुणे, व्याही आणि सावत्र भाऊ नसतील तरच नवल. कोर्टाचे हुकूम कारकून एका जाड वहीत उतरून ठेवी. चेसापीक उपसागराच्या पलीकडे, ईस्टर्न शोअर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवरील नॉर्थॅम्प्टन काउंटीत अशा वह्या १६३२ पासून सलग टिकून आहेत, आणि इंग्रजी अमेरिकेतील अखंडपणे शिल्लक राहिलेले हे सर्वांत जुने कोर्टदप्तर मानले जाते. तेथील रहिवाशांच्या आजच्या वंशजांना या गोष्टीचा फार अभिमान वाटतो. वह्यांत काय लिहिले आहे ते वाचेपर्यंत तो टिकतो.

कारण वह्यांत डुकरे फार आहेत. मोकाट चरणारी डुकरे, त्यांच्या कानांवरच्या खुणा, आणि त्या खुणा मध्यरात्री बदलणारे पूर्वज यांनी पानेच्या पाने भरली आहेत. १७०५ च्या कायद्याने डुक्करचोरीत दुसऱ्यांदा सापडलेल्या माणसाला खोड्यात उभे करून त्याचे कान लाकडाला खिळ्यांनी ठोकावेत आणि दोन तासांनी कापून सोडवावेत अशी तरतूद केली होती. डुकराच्या कानांबद्दल माणसाच्या कानांनी भरपाई करण्याचा हा हिशेब काटेकोर होता यात शंका नाही. डुकरांखालोखाल गर्दी आहे ती अब्रुनुकसानीच्या दाव्यांची. कोण कोणाला चोर म्हणाले, कोणाच्या बायकोने विहिरीवर काय सांगितले, हे ज्या तपशिलाने लिहून ठेवलेले आहे तो तपशील पाहता, ज्याची अब्रू जाऊ नये म्हणून दावा लावला त्याची ती पुढच्या चार शतकांसाठी जाण्याची चोख व्यवस्था कोर्टानेच केली असे दिसते. डिसेंबर १६६२ मध्ये वसाहतीच्या विधिमंडळाने या रोगावर औषध काढले. बायकांच्या जिभेपायी गरीब बिचाऱ्या नवऱ्यांना दंड भरावा लागतो, अशी कळवळ्याची प्रस्तावना करून कायद्याने ठरवले की, नवरा दंड भरण्यास तयार नसेल तर बायकोला पाण्यात बुचकळून काढावे, आणि नुकसानभरपाई मोठी असेल तर दर ५०० पौंड तंबाखूमागे एक बुचकळी द्यावी. तंबाखू हेच त्या वसाहतीतले चलन असल्यामुळे हा दर सर्वांना लगेच कळण्यासारखा होता.

याच कोर्टांकडून आणखी एक दाखला मिळत असे, आणि त्याने वंशशोधकांना जितके फसवले तितके क्वचितच कशाने फसवले असेल. जो कोणी स्वखर्चाने एक माणूस वसाहतीत आणील त्याला माणशी ५० एकर जमीन मिळावी, असा नियम १६१८ पासून होता. जमिनीसाठी माणसांची यादी सादर करावी लागे, आणि यादी तपासणारे बहुधा यादी करणाऱ्यांचेच स्नेही असत. त्यामुळे एकच माणूस दोन-तीन यजमानांच्या खाती उतरला, जहाजावरचे खलाशी प्रत्येक फेरीला नव्याने स्थायिक झाले, आणि इंग्लंडला सहज जाऊन आलेल्या मळेवाल्याने परतल्यावर स्वतःलाच पुन्हा आयात केले. आपला मूळपुरुष तीन वेगवेगळ्या वर्षी तीन वेगवेगळ्या नद्यांच्या काठी उतरला, हे पाहून भाबडा वंशज त्याचे तीन पुरुष करतो आणि त्यांना भाऊ ठरवतो. इंग्लंडहून तीन भाऊ आले, एक उत्तरेला गेला, एक दक्षिणेला गेला आणि तिसऱ्याचा वंश तो आपला, ही कथा अमेरिकेतील निम्म्या घराण्यांच्या वंशावळींत ज्या बिनचूकपणे आढळते, त्यावरून त्या काळी इंग्लंडात दोन किंवा चार भाऊ असलेल्या कुटुंबांना जहाजावर चढूच देत नसावेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या हौसेला संस्थांचे बळ मिळाले. १८९० च्या सुमारास वसाहतकालीन किंवा क्रांतिकालीन पूर्वजांच्या सुनांसाठी नव्हे, तर काटेकोरपणे रक्ताच्या वंशजांसाठी अशा अनेक संस्था निघाल्या, आणि सभासद होण्यासाठी प्रत्येक पिढीगणिक कागद मागण्याची प्रथा पडली. घरात चालत आलेली सरदारकीची आख्यायिका कागदावर आणण्याची वेळ आली की काय होते, हे पाहण्यासाठी कस्टिस घराण्याइतके सोयीचे दुसरे उदाहरण नाही. कारण पहिला अमेरिकन अध्यक्ष ज्या विधवेशी लग्न करून सधन झाला ती याच घराण्याची सून होती, आणि घराण्यातले बहुतेक कर्ते पुरुष एकमेकांशी किंवा जगाशी भांडत असल्यामुळे त्यांचे कागद विपुल आहेत.

घराण्याचा पाया असा पडला. माजी गव्हर्नरचा मुलगा आर्गल यर्डली याने १६४९ साली रॉटरडॅमहून अ‍ॅन कस्टिस नावाची बायको आणली, आणि तिच्यामागोमाग भाऊ जॉन आला. पुढच्या पिढ्यांचा थाट पाहता तिचे माहेर एखाद्या गढीत असावे अशी वंशजांची समजूत होणे स्वाभाविक होते. परंतु त्याच सुमारास व्हर्जिनियाला आलेला कर्नल हेन्री नॉरवुड या इंग्रज प्रवाशाने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवले आहे की यर्डलीची बायको तिच्या लहानपणापासून त्याच्या ओळखीची निघाली, कारण तिच्या वडिलांची रॉटरडॅममध्ये खाणावळ होती आणि तिकडे जाणारे इंग्रज तेथेच जेवत. खाणावळीची कीर्ती चांगली होती असेही तो सांगतो. पण ढाल-तलवारीचे चिन्ह शोधायला निघालेल्या माणसाच्या हाती कालथा आला की त्याचे समाधान अशा प्रशस्तिपत्राने होत नाही.

रॉटरडॅमहून आलेल्या जॉनने ईस्टर्न शोअरवर मेहुण्याच्या आधाराने जमीन, पद आणि पैसा मिळवला, १६७५ च्या सुमारास आर्लिंग्टन नावाचा विटांचा प्रशस्त वाडा बांधला, आणि पुढच्याच वर्षी बेकन नावाच्या मळेवाल्याने केलेल्या बंडात पळत आलेल्या गव्हर्नरला त्यात आसरा देऊन उरलेली कसर भरून काढली. त्याच्या मुलाचे नाव जॉन, नातवाचे नाव जॉन. पुतणेही नावाच्या बाबतीत फारसे कल्पक नव्हते. कागदांत ‘थोरला’ आणि ‘धाकटा’ अशी पुस्ती असते, पण तिच्यावर विसंबून बाप-लेकाचे नाते जोडणे धोक्याचे, कारण त्या काळी एका गावात एकाच नावाचे दोघे असले की वयाने मोठा तो थोरला एवढाच त्याचा अर्थ, मग ते काका-पुतणे असोत की एकमेकांचे कोणीच नसोत. थोरला वारला की धाकटा रातोरात थोरला होई. नात्यांच्या शब्दांचीही हीच तऱ्हा. आज ज्या इंग्रजी शब्दाने जावई ओळखला जातो त्याने तेव्हा सावत्र मुलगाही ओळखला जाई, आणि मृत्युपत्रात ‘माझी सध्याची बायको’ असे लिहिलेले असले म्हणजे आधीची एखादी होती असे सिद्ध होत नाही, सध्याची आहे एवढेच सिद्ध होते. त्यातच १७५२ पर्यंत इंग्रजी कायद्याचे वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्यामुळे, एप्रिल १७१० मध्ये लग्न झालेल्या जोडप्याला फेब्रुवारी १७१० मध्ये मूल झाल्याची नोंद सापडू शकते. हे मूल वास्तविक एप्रिलनंतरच्या फेब्रुवारीतले, पण अशा नोंदी वाचून कित्येक सालस पणज्यांचे चारित्र्य त्यांच्या पणतवंडांनी विनाकारण संशयित ठरवले आहे.

रॉटरडॅमहून आलेल्या जॉनचा नातू, इतिहासात चौथा म्हणून ओळखला जाणारा जॉन कस्टिस (१६७८–१७४९) हा या वंशावळीचा मुकुटमणी. त्याने फ्रान्सेस पार्क हिच्याशी प्रेमविवाह केला आणि नंतर दोघांनीही त्याचा पश्चात्ताप केला. घराण्यातली आख्यायिका सांगते की एकदा घोडागाडीतून जाताना त्याने रागाच्या भरात गाडी सरळ समुद्रात घातली. कुठे निघालात, असे बायकोने विचारले, तेव्हा नरकात, असे त्याने उत्तर दिले, आणि ती म्हणाली, मग चला. आख्यायिकेला पुरावा नाही. परंतु नॉर्थॅम्प्टनच्या दप्तरात जून १७१४ चा एक करारनामा आहे, आणि तो वाचल्यावर आख्यायिकेची गरज उरत नाही. कायद्याने नवरा-बायको एकच व्यक्ती मानले जात, आणि घटस्फोट जवळजवळ अशक्य होता. तेव्हा या दोघांनी व्यापारी भागीदारांप्रमाणे कलमवार समझोता केला. तिने त्याला घाणेरड्या शिव्या देऊ नयेत, त्यानेही तिला देऊ नयेत. तिने त्याच्या मळ्याच्या आणि जमिनीच्या कारभारात नाक खुपसू नये, त्याने तिच्या घरकारभारात खुपसू नये. तिने घेतलेले पैसे आणि चांदीची भांडी परत करावीत. आणि दोघांनी चांगल्या नवरा-बायकोप्रमाणे प्रेमाने राहावे. प्रेमाचे कलम भांड्यांच्या कलमाइतक्याच कोरड्या भाषेत आहे. या कराराची कसोटी लागायला फारसा अवधी मिळाला नाही, कारण वर्षाच्या आतच फ्रान्सेस देवीच्या साथीत वारली.

भांडणाचे मूळ बऱ्याच अंशी तिच्या वडिलांत होते. डॅनियल पार्क हा व्हर्जिनियातला देखणा आणि उधळ्या गृहस्थ १७०४ साली ब्लेनहाइमच्या लढाईतील विजयाची बातमी घेऊन राणी अ‍ॅनकडे घोडदौड करीत गेला, तिच्याकडून १००० गिनी आणि तिचे चित्र मिळवले, पुढे कॅरिबियनमधल्या लीवर्ड बेटांची गव्हर्नरकी मिळवली, आणि तेथील लोकांना इतके जेरीस आणले की डिसेंबर १७१० मध्ये अँटिग्वाच्या जमावाने त्याला ठार मारले. त्याचे मृत्युपत्र उघडल्यावर कळले की बेटांवरची मालमत्ता त्याने तेथील एका विवाहितेपासून झालेल्या लहान मुलीला, पार्क हे नाव लावण्याच्या अटीवर दिली आहे. व्हर्जिनियातल्या आणि इंग्लंडातल्या मालमत्तेची वारस मात्र थोरली औरस लेक फ्रान्सेस, आणि तिच्यासोबत कर्जाचीही. मृत्युपत्रे सहसा शोकाकुल कुटुंबाचे सांत्वन करतात. याने व्हर्जिनिया आणि बेटे या दोन्ही ठिकाणच्या लेकींना एकमेकींविरुद्ध एकाच वेळी कामाला लावले. फ्रान्सेसचा मेहुणा, म्हणजे जॉन कस्टिसचा साडू विल्यम बर्ड, याने हिशेबात स्वतःला हुशार समजून जमिनींसकट कर्ज अंगावर घेतले आणि उरलेले आयुष्य ते फेडण्यात घालवले. बेटांवरच्या मुलीने डनबर नावाच्या माणसाशी लग्न केले, आणि त्याने पार्क आडनाव लावून कस्टिसांवर दावा ठोकला की बेटांवरचे कर्जही व्हर्जिनियातल्या मालमत्तेतूनच फेडले पाहिजे. हा दावा १७२० च्या दशकात सुरू झाला, वसाहतीची राजधानी विल्यम्सबर्ग येथून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे राजाच्या सर्वोच्च अपील मंडळापर्यंत गेला, परत आला, मुलाच्या हयातीत चालला, सुनेच्या वैधव्यात चालला, आणि तिच्या दुसऱ्या नवऱ्याचीही डोकेदुखी झाला. वंशशोधकांनी मात्र डनबरचे आभारच मानायला हवेत, कारण कोण कोणाचा मुलगा आणि कोण कधी मेला हे त्या कागदांत शपथेवर लिहून ठेवावे लागले.

जॉन कस्टिसचे स्वतःचे मृत्युपत्र १७४९ सालचे आहे. मृत्युपत्र करणाऱ्याला आपण लोकांना सांगतो आहोत, आणि लोकांना उत्तर देता येणार नाही, ही दुर्मिळ सुखाची जाणीव असते. कस्टिसने तिचा पुरेपूर उपयोग केला. आपले प्रेत ईस्टर्न शोअरवर आजोबांच्या शेजारी पुरावे, आणि उपसागरापलीकडे जे न्यायचे ते खरेखुरे प्रेतच न्यावे, नुसती पेटी नेऊन वेळ मारून नेऊ नये, असे त्याने बजावले. म्हणजे आपल्या मुलाबद्दल त्याची काय कल्पना होती ते कळते. थडग्यासाठी १०० पौंड खर्चून उत्तम टिकाऊ संगमरवर आणावा आणि त्यावर असे कोरावे की, हा गृहस्थ ७१ वर्षांचा होता, पण जगला फक्त सात वर्षे, ज्या काळात आर्लिंग्टन येथे त्याने ब्रह्मचाऱ्याचे बिऱ्हाड केले होते तेवढीच. मुलाने यात तसूभर कुचराई केली तर त्याला सगळ्या मालमत्तेऐवजी एक शिलिंग मिळावा. मुलगा डॅनियल याने आपल्या आईचा उल्लेख न करता तिचा अपमान करणारा तो मजकूर निमूटपणे कोरून घेतला, आणि दगडाच्या दुसऱ्या बाजूला एवढीच पुस्ती जोडली गेली की हा लेख मृताच्या सक्त हुकुमावरून कोरला आहे. हे थडगे आजही नॉर्थॅम्प्टनमध्ये उभे आहे. बायको वारल्यानंतर कस्टिस ३४ वर्षे विधुर होता, त्या काळात विल्यम्सबर्गला त्याने वसाहतीतली नामांकित बाग फुलवली आणि लंडनच्या पीटर कॉलिन्सनशी झाडे-कंदांची देवघेव केली. परंतु ही वर्षेही त्याने जगण्यात धरलेली नाहीत, यावरून वैवाहिक जीवनाचा परिणाम किती काळ टिकतो याचा अंदाज करता येतो.

याच मृत्युपत्रात जॅकसाठी एक घर बांधण्याची आज्ञा आहे, आणि त्यात ठेवायच्या रशियन चामड्याच्या खुर्च्या, कोच, पिसांच्या गाद्या, अक्रोडाची मेजे हे सगळे कस्टिसने बारकाईने सांगितले आहे. बायकोला शिव्यांच्या कलमात आणि लेकाला एका शिलिंगाच्या धाकात ठेवणाऱ्या या माणसाच्या कागदांत माया म्हणावी असे काही आढळते ते येथे. जॅक हा त्याच्या गुलाम स्त्रीचा, अ‍ॅलिसचा मुलगा, आणि कस्टिसचाही. ज्या डिसेंबर १६६२ मध्ये बायकांना बुचकळण्याचा कायदा झाला, त्याच महिन्यात त्याच विधिमंडळाने असाही कायदा केला होता की मुलाचा दर्जा आईवरून ठरेल. तेव्हा गोऱ्या बापाचा मुलगा आई गुलाम असल्यास जन्मतःच गुलाम, आणि बहुधा बापाचाच. १७२३ पासून गुलामाला मुक्त करायचे तर गव्हर्नर आणि त्याच्या मंडळाची परवानगी लागे. म्हणून १७४४ साली कस्टिसने अर्ज केला, आणि त्या अर्जात, म्हणजे एका सरकारी कागदात, अ‍ॅलिसचे नाव आले. आडनाव नाही, जन्मसाल नाही, ती कोठून आणली गेली ते नाही.

डॅनियलचे लग्नही जॅकनेच जुळवले म्हणायला हरकत नाही. अडतिशी गाठलेल्या या मुलाने मार्था डँड्रिजशी लग्न ठरवले, तेव्हा मुलगी पुरेशा श्रीमंत घरची नाही म्हणून बाप हटून बसला. शेवटी जेम्स पॉवर नावाच्या स्नेह्याने जॅकला एक घोडा, लगाम आणि खोगीर डॅनियलच्या नावाने भेट दिले; दहा-अकरा वर्षांच्या पोराचा आनंद पाहून म्हातारा पाघळला आणि त्याने संमती दिली. पॉवरने डॅनियलला ही आनंदाची बातमी कळवली ते पत्र शिल्लक आहे, आणि अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षाच्या सांपत्तिक उत्कर्षाचा आरंभ त्या खोगिरापासून धरावा लागतो. जॅक १७५१ साली वारला. घराचा आणि खुर्च्यांचा त्याला फारसा उपयोग झाला नाही.

डॅनियल १७५७ साली वारला, आणि ज्याच्या बापाने मृत्युपत्रात थडग्याच्या दगडाचा दर्जाही ठरवला होता त्याने मृत्युपत्रच केले नाही. असे झाले की कोर्ट चार मूल्यमापक नेमत असे. ते शपथ घेऊन घरात शिरत आणि दिसेल त्या वस्तूची किमतीसह यादी करीत, त्यामुळे पूर्वजांच्या पराक्रमाची जिथे एक ओळ मिळत नाही तिथे त्यांच्या फुटक्या किटल्या, जुनी गादी आणि पलंगाखालचे भांडे यांची माहिती मिळते. विधवेचा हक्क एक तृतीयांशाचा: जमिनीचा तिसरा हिस्सा तिला हयातीपुरता, विकण्याचा अधिकार नाही, मृत्यूनंतर तो नवऱ्याच्या वारसांकडे. १७०५ च्या कायद्याने व्हर्जिनियात गुलाम माणसे वारसाहक्कापुरती स्थावर मालमत्ता ठरवली होती, म्हणून विधवेच्या तिसऱ्या हिश्शात तीही जमिनीबरोबर येत. कस्टिस मालमत्तेत १७,००० एकरांहून अधिक जमीन आणि जवळपास ३०० माणसे होती. जानेवारी १७५९ मध्ये मार्थाने जॉर्ज वॉशिंग्टनशी लग्न केले, आणि सावत्र मुलांचा पालक म्हणून त्याला कोर्टाला दरवर्षी हिशेब द्यावा लागला. मुलीच्या बाहुल्यांपासून मुलाच्या कपड्यांपर्यंत सगळे त्यात आहे. तो हिशेबाला पक्का होता, आणि समोर डनबर होता.

१७९९ साली वॉशिंग्टनने आपल्या मृत्युपत्रात स्वतःच्या गुलामांना मुक्त करण्याची व्यवस्था केली, परंतु त्याच्या माउंट व्हर्नन या मळ्यावरच्या ज्या १५३ जणांवर कस्टिसांच्या तिसऱ्या हिश्शाचा शिक्का होता त्यांना तो हात लावू शकला नाही. दोन्हीकडच्या माणसांची आपसांत लग्ने झालेली होती. मार्था वारल्यावर ते १५३ आणि त्यांची मुले तिच्या चार नातवंडांत वाटली गेली, आणि वाटणीच्या याद्या काळजीपूर्वक केल्या गेल्या, कारण वारसांपैकी कोणाला कमी पडू नये. त्या माणसांना मृत्युपत्र करण्याचा अधिकार नव्हता, दावा लावण्याचा नव्हता, गोऱ्या माणसाविरुद्ध साक्षही देता येत नसे. त्यामुळे आज त्यांचे वंशज आपल्या पणजीचा शोध घेतात तेव्हा त्यांना तिच्या मालकाच्या वंशावळीचा अभ्यास आधी करावा लागतो, तोही मालकाच्या नातवंडांपेक्षा अधिक बारकाईने. पहिल्या नावांच्या याद्यांमधून, वाढत्या वयाबरोबर चढत आणि मग उतरत जाणाऱ्या किमतींवरून, ही लुसी म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीच्या यादीतली तीच लुसी, असे ठरवावे लागते. येथे विनोदाला वाव नाही आणि अभ्यासकांनी तो शोधूही नये.

या सगळ्या कागदांपैकी किती उरले, हा प्रश्न शेवटी येतो. व्हर्जिनियातल्या ज्या काउंट्यांचे दप्तर जळाले त्यांना वंशशोधक ‘जळक्या काउंट्या’ म्हणतात, आणि ज्याचा पूर्वज तेथला निघतो त्याच्याकडे सुतकातल्या माणसाकडे पाहावे तसे पाहतात. डॅनियलचा मळा ज्या न्यू केंट काउंटीत होता तेथील दप्तर १७८७ मध्ये जॉन प्राइस पोझी याने तुरुंगासकट पेटवून दिले आणि १७८८ मध्ये तो फासावर गेला. हा पोझी कस्टिसांच्याच मालमत्तेचा माजी कारभारी होता. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटल्यावर अनेक काउंट्यांनी शहाणपणा करून आपले दप्तर सुरक्षिततेसाठी रिचमंड या राजधानीत पाठवले. ३ एप्रिल १८६५ रोजी माघार घेणाऱ्या दक्षिणेच्या सैन्याने तंबाखूची कोठारे पेटवली, आग शहरात पसरली, आणि दोनशे वर्षे जिच्या भावाने अब्रू मोजली गेली त्या तंबाखूनेच ते कागद खाल्ले. ज्यांची इंग्लंडमध्येही मालमत्ता होती त्यांच्या मृत्युपत्रांच्या नकला कँटरबरीच्या धर्मपीठाच्या कोर्टात झाल्या होत्या, तेवढ्या लंडनला वाचल्या. ज्यांनी आळस करून दप्तर जागचे हलवले नाही त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचे वाचले.

मार्था वॉशिंग्टनचे मृत्युपत्र फेअरफॅक्स काउंटीच्या कोर्टात होते. युद्धात उत्तरेच्या सैन्यातल्या एका अधिकाऱ्याने ते तेथून उचलून नेले, आणि पुढे ते विकले जाऊन जे. पी. मॉर्गन या धनाढ्य सावकाराच्या संग्रहात पोहोचले. व्हर्जिनियाने ते परत मागितले, मॉर्गनच्या वारसाने ताबडतोब दिले नाही, आणि राज्याने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. १९१५ साली, निकाल लागण्यापूर्वीच, त्याने ते परत केले. डनबरच्या दाव्याच्या मानाने हे प्रकरण फारच लवकर मिटले.